रजिस्ट्रीची शेवटची नक्कल

५ फेब्रु. २००१, सोम. भुकूम
हात दाखवून अवलक्षण! सुनंदा लातूरला माहेरी. तेवढ्यात तिचा कॉम्प्युटर जरा पळता करावा म्हणून मासिकाच्या सीडीतला सफाईचा प्रोग्राम चालवला. त्याने विचारलं, रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतला, कचरा काढू? काढ म्हटलं. आता मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर नोंदणी क्रमांक मागतंय. तिचा एम.एड.चा प्रबंध उघडला की नुसते चौकोन. १२ ला द्यायचाय.

६, मंगळ.
सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन कायमचा बंद. फ्लॉपीवरच्या प्रतीतही चौकोनच.

८, गुरु.
रोज सकाळी चालू करून बघतो. तेच. जिन्यात घरमालकीण मावशी.
"त्वांड का उतरलंय, दादा?"
"रजिस्ट्री गेली, मावशी."
मटकन खालीच बसल्या. "आरं देवा! पौडला कचेरीत जावा की. नक्कल मिळती तितं."
त्यांनी गेल्या वर्षी जमीन विकली, त्यांना रजिस्ट्री म्हणजे ती एकच. हसू आलं. समजावत बसलो नाही.

९, शुक्र.
बावधनच्या ऑफिसात निलेशला सांगितलं. म्हणे, नक्कल असतेच. विंडोज रोज पहिल्यांदा उघडलं की रजिस्ट्रीची एक प्रत आपोआप ठेवतं. पण पाचच. नवी आली की सर्वांत जुनी जाते. "तू रोज चालू करतोयस?"
बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरु, आज. चार बिघडलेल्या. चांगली एकच, सोमवारी सकाळची, सफाईआधीची. उद्या विंडोज उघडलं की तीही गेली. घरी येऊन प्लग काढला. निलेश उद्या फ्लॉपी आणतोय, विंडोज न उघडता ती प्रत परत आणू म्हणतो.

१०, शनि.
निलेशला घ्यायला चांदणी चौकात गेलो. परत येतो तर दारात सु.च्या चपला! उद्या यायची होती.
मावशी जिन्यातूनच, "ताईंचा काल फोन आलता. म्या सांगितलं, रजिस्ट्री गेली म्हून. लई घाबरल्या."
आत सु. कॉम्प्युटरसमोर. प्लग तिनेच लावलेला. "अहो, आपण जागा कधी घेतली?" पडद्यावर विंडोज सुरू होतानाचे ढग. मी धावत जाऊन प्लग ओढला.
मग सगळं सांगितलं. "माझा प्रबंध?" एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं. लाज वाटते.
निलेश म्हणतो, पूर्ण उघडायच्या आत बंद झालं असेल तर सोमवारची, पाच तारखेची प्रत असेल. नाहीतर तिच्या जागी आजची, दहाची. फ्लॉपी घालून बसलाय. मला बघवेना, स्वयंपाकघरात हे लिहितोय. प्रतींच्या यादीत तारखा उलटसुलट आहेत, सु. मोठ्याने वाचतेय. नऊ. सहा. आठ. सात.
एक ओळ उरलीय, आणि सु. थांबलीय.