बेल्टचा आवाज

६ जानेवारी
सकाळी सेल्फ मारला तर माया गॅलरीतून ओरडली — "अहो, ट्रक किंचाळतोय! अख्खं कुळगाव उठेल!"
मी खाली उतरून कान दिला. इंजिन धडधडत होतं, नेहमीसारखं. किंचाळतंय कुठे? मायाचं आपलं काहीतरी. निघालो.

७ जानेवारी
बॅटरीचा लाल दिवा लागला. माल भरून निघालो तर गरमीचा काटाही वर. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. जळक्या रबराचा वास! इंजिन बंद करून फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघितला. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत. म्हणजे बेल्ट घसरतोय. पुली नीट फिरत नाही, म्हणून चार्जिंग नाही आणि पाणीही खेळत नाही. मायाचं बरोबर होतं. पण मला आवाज कसा नाही आला?

९ जानेवारी
शहाडला मुकेशच्या गॅरेजवर. माझी गाडी त्याच्याशिवाय कोणाच्या हाती देत नाही. नवीन बेल्ट टाकला. "अब टेन्शन नाही लेने का, मिलिंद." बरं.

१० जानेवारी
दिवा परत लागला. माया म्हणते, आवाज तस्साच.

११ जानेवारी
परत मुकेशकडे. तो केबिनमध्ये बसून रेस देत होता, मी बाटलीने बेल्टवर पाणी शिंपडत होतो. त्याने आधी समजावलं होतं — पाणी पडल्यावर आवाज गेला तर पुली वाकडी. वाढला तर बेल्ट ढिला.
"क्या हुआ? गेला की वाढला?"
मला नुसती इंजिनाची धडधड. बाकी काहीच नाही. रेसच्या आवाजात त्याला आत नीट कळत नव्हतं, तो खिडकीतून डोकं काढून बघत होता. आता काय सांगू? म्हणालो, "गेला."
मग तो दुपारपर्यंत पुली सरळ करत बसला. तिला काही झालेलं नव्हतं, असं मला सारखं वाटत होतं. तरी पाना-पक्कड पुढे करत राहिलो.

१२ जानेवारी
दिवा चालूच.

१३ जानेवारी
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.
आनंदनगरला कंपनीच्या गेटमध्ये गाडी मागे घेत होतो. वॉचमन हेमचंद्र मागे उभा राहून शिट्टी मारतो, त्या शिट्टीवर आम्ही गाडी घेतो. एक लांब शिट्टी म्हणजे थांब. मी घेतच राहिलो. आरशात एकदम हेमचंद्र दोन्ही हात हलवत पळत येताना दिसला. ब्रेक मारला.
मागे काशीताई झाडत होती. तिचा झाडू मागच्या उजव्या चाकाखाली. ती बाजूला जमिनीवर बसलेली.
हेमचंद्रने दरवाजावर थाप मारली — "बहिरा झालास काय रे? कधीची शिट्टी मारतोय!"
तो रागाने बोलला. पण मला एकही शिट्टी ऐकू आली नव्हती.
खाली उतरून गाडीच्या पायरीवरच बसलो. आणि काशीताईच मला म्हणते, "मला काय झालं नाय दादा. तुम्ही पाणी प्या."
उजव्या चाकाकडे बघवत नव्हतं. तिचा हात धरून माफी मागितली. तिला कळलं नसेल कशाची.

१४ जानेवारी
गाडी जेमतेम शहाडपर्यंत नेली. खिडक्या उघड्या, नजर सगळीकडे. मुकेशला सांगून टाकलं — "त्या दिवशी मी खोटं बोललो. मला तो आवाज ऐकूच येत नाही."
वाटलं हसेल. हसला नाही. "अरे यार, पहिले बोलायचं ना!"
मला केबिनमध्ये बसवून त्याने स्वतः पाणी शिंपडलं. त्याने कानावर हात ठेवले त्यावरून मला कळलं, आवाज वाढला. बेल्टला दाबून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग मेली होती. बेल्ट नवा, पण त्याला ताणणारंच काही नाही! टेन्शनर बदलला. पुलीला हात लावून दाखवला — आता गार. दिवा गेला, काटा खाली.
गाडी एकदम ठीक. मी ती तिथेच ठेवली आणि रिक्षाने स्टेशनला आलो.

१८ जानेवारी
मायाला सांगितलं. काशीताईचं पण. तिने फोन करून नंबर लावला. मग अंबरनाथला कानाच्या डॉक्टरांकडे दोघं गेलो.
बंद खोलीत हेडफोन घालून बसवलं. आवाज आला की बटण दाबा. मी दाबत होतो, मग बराच वेळ दाबायला काही आलंच नाही. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेले. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून! मशीन लावावं लागेल. तोवर स्टिअरिंग नाही.
माझ्या आधी मायाच म्हणाली, "हे नाही हात लावणार."

२४ जानेवारी
मुकेशने गाडी दारात आणून लावली. मी नुसती काच पुसली.

१ फेब्रुवारी
मशीन मिळालं. एकटाच जाऊन घेऊन आलो. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज ऐकत वर चढलो, मायाला चकित करायचं म्हणून दार हळूच लोटलं. ती आत बहिणीशी, नूतनशी, फोनवर बोलत होती. हळू आवाजात. मला शब्द न् शब्द ऐकू आला.
"नाही गं, यांना अजून काही सांगितलं नाही. आधीच त्यांच्यामागे कानाचं. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट सोमवारी आहे, मी एकटीच जाईन... अगं, महिनाभर यांच्यासमोरच बोलतेय तुझ्याशी. कुठे ऐकू जातं त्यांना."
चपला काढायच्या राहिल्या. तसाच आत गेलो.
"सोमवारी मी येतोय," म्हणालो.