भोंग्याला उत्तर

रत्नागिरी,
श्रावण वद्य तृतीया, शके १८५५

प्रिय आत्माराम,

तुझ्या पाकिटाला उत्तर म्हणून मी एक कार्ड धाडलं होतं, ते एव्हाना मिळालं असेल. ‘वहिनींना खुशाल पाठव, मी स्वतः कोल्हापूरला गाडी घेऊन उभा राहीन,’ एवढंच त्यात होतं. ते वाचून तू चकित झाला असशील. तुला पत्र लिहायचं म्हणजे दोन ताव भरायचे आणि तिसऱ्याच्या समासात मजकूर कोंबायचा, ही माझी रीत. कार्डावर भागवणारा लवू कुणी वेगळाच असणार. तसाच होता तो. आज मात्र माझ्या रीतीने लिहितोय. हे पत्र तू एकट्याने वाच, कमळावहिनी जवळ असतील तर खिशात घाल आणि दुकानात जाऊन उघड.

तुझी आई ठणठणीत आहे. ती रोज सकाळी फुलं न्यायला आमच्याकडे येते आणि रोज तेच विचारते, पोरं कधी निघतायत. तू तिला कळवलंस की पावसाळ्यात बंद असलेल्या आगबोटी अजून सुरू झालेल्या नाहीत म्हणून वहिनी दोन्ही मुलांना घेऊन मुंबईहून आगगाडीने कोल्हापुरास उतरणार आणि तिथून घाटाने खाली येणार. झालं, तेव्हापासून तुझ्या या आनंदीबाईंनी अख्ख्या मिऱ्या गावाला सांगून ठेवलंय, “माजी नातवंडं लवूच्या गाडीतून येणार हायत. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी त्यांना बसू द्यायची नाय.” ती हे बोलते तेव्हा मी ओट्यावर वहाणा शोधत बसतो. तू स्वतःही तेच लिहिलंस. घाटात धुकं असतं, डोळे चालत नाहीत, पण लवूचा कान आहे म्हणून मी निर्धास्त आहे. हे तुझं वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कागद घडीवर फाटलाय.

आत्माराम, मला भीती वाटते. मोटारीची नव्हे. तुला आठवतं, रत्नागिरीत पहिली सर्व्हिस मोटार आली तेव्हा आपण दोघं शाळा बुडवून तिच्यामागे साळवी नाक्यापर्यंत धावलो होतो आणि धुळीने दोघांचीही थोबाडं एकसारखी झाल्यामुळे मास्तरांनी मला तुझ्या नावाने छड्या दिल्या होत्या? तेव्हा जी चटक लागली ती गेली नाही. पुढे मी मोटारी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ओळखायला लागलो. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत असे, नाक्यावर चढतेय ती फोर्ड, तिच्या स्प्रिंगचा एक पाटा सैल झालाय आणि हाकणारा गियर टाकताना घाई करतो. लोक पैज लावत. आमच्या सर्व्हिसचा मालक तर नवी गाडी घ्यायची म्हटली की मला शेजारी बसवून विचारायचा, काय म्हणतेय ऐक. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू. दमडीची अक्कल नसलेल्या माणसालाही एखाद्या गोष्टीचा गर्व हवाच असतो, आणि मला देवाने कान दिले होते.

फाल्गुनात मालकाने नवी शेवरोलेट आणली. तिच्याबद्दल मी तुला चार पानं लिहिली होती. ती पानं अजून असली तर जाळून टाक. मी लिहिलं होतं की अमेरिकेतल्या माणसांनी आता कमाल केली, यंत्र चालतंय की बंद आहे हे बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही, आत पिस्टन आहेत की लोण्याचे गोळे. सगळ्या सोबत्यांना मी हेच सांगत सुटलो होतो. ते ऐकून महिपत हसला होता. महिपत म्हणजे साखरप्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी मीच त्याला गाडी हाकायला शिकवली. तो म्हणाला, “दादा, बेस गाडी हाय, पन आवाज करतेय की ती.” मी त्याला म्हटलं, तुझे कान अजून बैलांच्या घुंगरांचे आहेत. सगळे हसले. त्या हसण्याची आता लाज वाटते.

मग तू चैत्रात ती नवीन ध्वनिमुद्रिका पाठवलीस. (हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. हल्ली गावात परके शब्द काढून नवे घालायची टूम आहे. पेठेतले एक मास्तर मला भेटले की मोटारीच्या एकेका भागाचं नाव विचारतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला मराठी नाव देऊन जातात. स्टिअरिंगला सुकाणू म्हणा, म्हणाले. गलबताचं सुकाणू धरणाऱ्या तांडेलाच्या मुलाला हे सांगायला मास्तर कशाला हवेत? मी त्यांना विचारलं, चावीचं काय करायचं? तो शब्दही पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेला आहे म्हणतात. मास्तर दोन दिवस माझ्या वाटेला फिरकले नाहीत.) तर त्या तबकडीबद्दल मी तुला काय लिहिलं होतं ते आठव. नव्या गाण्यात जीव नाही, गाणारी नुसती तोंड उघडते, साथीला सारंगी आहे असं वर छापलंय पण सारंगीवाला बहुतेक चहा प्यायला गेला होता. तू चिडून उत्तर पाठवलंस की मुंबईत या गाण्याने लोक वेडे झालेत आणि लवू, तू म्हातारा झालास. आत्माराम, सारंगीवाला चहा प्यायला गेला नव्हता. तो तिथेच होता.

हे मला कधी समजलं, ते सांगतो. माघात मला हिवताप झाला आणि महिनाभर कोयनेल घेतलं. तेव्हापासून कानात रातकिडा बसला. डॉक्टर म्हणाले, कोयनेलने होतं, जाईल. रातकिडा गेला नाही. उलट त्याच्यापलीकडलं एकेक जायला लागलं. आधी भांड्यांचा आवाज गेला, मग पागोळ्यांचा. माझी शब्दांची वही तुला ठाऊक आहे. गाडीत दहा गावची माणसं बसतात, घाटावरची, हर्णैची, राजापूरची, प्रत्येकाच्या तोंडून एखादा न ऐकलेला शब्द पडतो आणि मी संध्याकाळी टिपून ठेवतो. चैत्रानंतर त्या वहीत एकही नवा शब्द नाही. माणसं अबोल झाली असं मी स्वतःला सांगत राहिलो. परवा सहज जुनी पानं चाळली तर एका पानावर भीतीचे शब्द लिहिलेले सापडले. धाक कुणाचा तरी असतो. धास्ती पुढे व्हायच्या गोष्टीची असते. धसका मात्र झालेल्या गोष्टीचा, आणि तो एकदा बसला की उठत नाही. हे मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, तेव्हा मला यातलं एकही नीट माहीत नव्हतं.

आता आंबा घाटाचं. तू मुंबईत राहून विसरला असशील, म्हणून तिथली रीत सांगतो. पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरची दोन हातांवरची करवंदीची जाळी दिसत नाही. मग प्रत्येक आंधळ्या वळणापाशी गाडी थांबवायची, भोंगा दोनदा दाबायचा, आणि मनात दहा आकडे मोजत कान द्यायचा. समोरून कुणी येत असेल तर तो एक लांब भोंगा देतो. चढणाऱ्याचा मान पहिला. त्याचं उत्तर आलं की उतरणाऱ्याने डोंगराला चिकटून उभं राहायचं. उत्तर नाही आलं तर वाट मोकळी. हे कुठल्याही कागदावर नाही, पण घाटातला प्रत्येक ड्रायव्हर यावर जिवंत आहे.

आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरहून उतरत होतो. धुकं दाट, पाऊस, गाडीचे पडदे खाली सोडलेले, आत माणसं मळमळून गप्प. मधल्या मोठ्या वळणापाशी थांबलो. दोनदा भोंगा दिला. दहा मोजले, आत्माराम, घाई केली नाही. उत्तर आलं नाही. मी गाडी सोडली, आणि धुक्यातून महिपतची गाडी सरळ माझ्या तोंडावर आली. माझ्या बाजूला दरी होती. त्याने ते ओळखलं आणि आपली गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. त्याच्या गाडीचा आस मोडला, एका बाईचा हात मोडला, त्याचं स्वतःचं कपाळ फुटलं. माझ्या गाडीला ओरखडाही नाही. रक्त पुसत तो माझ्याकडे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मी दिला हुता भोंगा. दोन बार दिला. दादा, तू ऐकलास ना?”

मी म्हणालो, नाही.

हे खोटं नव्हतं. मी खरंच ऐकला नव्हता. पुढे मालकाने दोघांना बोलावलं तेव्हाही मी एवढंच सांगितलं की मला भोंगा ऐकू आला नाही, आणि हा शब्दन् शब्द खरा होता. मालक म्हणाला, लवूला ऐकू आला नाही म्हणजे वाजलाच नाही. गाडीत पडद्याआड बसलेल्या उतारूंनीही मान डोलावली. लवूच्या कानाची कीर्ती त्यांनाही ठाऊक. महिपतला गाडीवरून उतरवलं. जाताना तो माझ्या पाया पडला, शिकवलं म्हणून. आज सतरा दिवस झाले, तो साखरप्याला घरी बसून आहे, आणि भोंगा न देणारा ड्रायव्हर म्हणून आता त्याला दुसरा कुणी मालक उभा करणार नाही.

त्या दिवशी माझ्या शेजारच्या बैठकीवर पालीची गोदूबाई होती, लेकीकडून परत येत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईला मोटारीतलं काय कळतं. पालीला उतरताना तिने बोचकं काखेला मारलं आणि माझ्या अगदी तोंडाजवळ येऊन म्हणाली, “बाबा, तो एवढा भोंगा वाजवीत हुता, नि तू गाडी का रे सोडलीस?” ती रागावली नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं. मी तिला नमस्कार केला आणि गाडी काढली. त्यानंतरही मी चार वेळा तो घाट उतरलोय. प्रत्येक वळणावर दहाऐवजी तीस मोजतो, आणि मग गाडी सोडताना डोळे मिटावेसे वाटतात. मागे वीस माणसं बसलेली असतात. त्यांना वाटतं, लवू आहे.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. सावित्रीलाही नाही. पण बायकोपासून काय लपतंय? गेले काही महिने ती मला हाक मारत नाही, येऊन खांद्याला हात लावते. काल दुपारी मी खिडकीशी बसून तुझं पत्र पुन्हा वाचत होतो. सहज मान वळवली तर ग्रामोफोनवर तुझी तबकडी फिरत होती आणि सावित्री तिच्याशेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती. केव्हापासून लावली होती कोण जाणे. कर्ण्यापासून मी चार हातांवर होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती काही बोलली नाही, किंवा बोलली असेल. मी उठून कर्ण्याला कान लावला तेव्हा कुठे ती गाणारी लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी आली. रातकिडा तिच्याहून मोठा होता.

उद्या सकाळी मी मालकाकडे जाऊन सगळं सांगणार आहे. आधी तुला लिहितोय याचं कारण मला माझी खात्री नाही. सतरा दिवस रोज सकाळी हेच ठरवतो आणि रोज गाडीवर जाऊन बसतो. भूक, हसं, लोकांच्या जिभा, सगळ्याची भीती आहे, पण सगळ्यांत मोठी ही की गाडीवरून उतरल्यावर मी कोण? परंतु हे पत्र पेटीत पडलं की ते मला परत काढता येणार नाही, आणि तुला कळल्यावर मला गप्प बसता येणार नाही. ते कार्ड फाडून टाक. कमळावहिनींना आणि मुलांना माझ्या गाडीत बसवू नकोस. मी कोल्हापूरच्या स्टँडवर येऊन गळ घातली, तुझ्या आईची शपथ घातली, तरी बसू नका असं त्यांना बजाव. महिपतला चाकावर बसवलंय असं मालकाच्या सहीचं पत्र तुला आलं, तरच त्यांना निघू दे, आणि त्याच्याच गाडीत बसव. ते पत्र आलं नाही तर समज की लवूने पुन्हा कच खाल्ली. मग तू स्वतः मालकाला लिही. माझी गय करू नकोस.

तुझाच, ज्याच्यावर तू आता विसंबू नयेस असा,
लवू