गाड्यांमधली शिकवणी

प्रिय जिनेट,

सुखरूप पोचले. खोली उबदार आहे. पाठही बरी आहे, गोळ्या दोनच घेते. तुझा खोकला थांबला का?

या कॉलेजची तपासणी उद्या संपेल. गणिताच्या मदतकेंद्रात हजेरीवहीत महिनाभरात तीनच सह्या दिसल्या, म्हणून ते बंद करावं असं आम्ही अहवालात लिहिलंही होतं. आज दुपारी तिथे शिकवणाऱ्या ओडीलबाई छोटा फळा घेऊन बर्फात निघालेल्या दिसल्या. मी मागोमाग गेले.

पार्किंगमध्ये पंधरा-वीस गाड्या होत्या. कामावरून थेट वर्गाला आलेल्या आया, मागच्या सीटवर झोपलेली मुलं. बाई एकेका गाडीत बसून शिकवत होत्या!

"हळू बोला हं," एक आई मला म्हणाली. "हा उठला तर तुम्ही घ्या, अपूर्णांक मी बघते."

"यांच्या सह्या का नाही घेतल्या?" मी बाईंना विचारलं.

"केंद्रात येईल त्याचीच सही घ्यायची, असा नियम आहे. या कुठे आल्या? मीच गेले ना!"

जिनेट, शाळेच्या चॅपलमध्ये प्रार्थनेला शिरताना आपला आवाज आपोआप खाली यायचा, तसंच झालं मला.

आमच्या तपासणी पथकाचे प्रमुख मार्सेल हे ऐकून आधी हसले. "क्लोडेट, म्हातारपणी हळवी झालीस." मी त्यांना ओढतच नेलं. अर्ध्या तासाने ते परतले, तेव्हा त्यांच्या कोटावर दुधाचा ओघळ होता. त्यांनी अहवालातली केंद्र बंद करण्याची ती ओळ खोडली.

तुझ्या आठवणीत,
क्लोडेट