कापूस तुडवणारे पाय

अप्पा, परवा दवाखान्यात एका बाईने विचारलं, स्टेम सेलने माझ्या नवऱ्याचे पाय परत येतील का. मी म्हटलं, खात्रीने आलेले मी अजून पाहिले नाहीत. पाहीन तेव्हा स्वतः सांगेन. ती नाराज होऊन गेली. वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही. ही हिंमत तुमच्यामुळे आली, म्हणून लिहायला बसले.

जवळा बाजार गावी, ट्रकमध्ये जास्त मावावा म्हणून कापूस तुडवताना तुम्ही वरून खाली पडलात तेव्हा मी शाळेत होते. कंबरेखालचं अंग गेलं. पुढे मी फिजिओथेरपी शिकत असताना मामा तुम्हाला मोठ्या शहरात घेऊन गेले. तिथे कमरेच्या हाडातला मगज काढला आणि त्यातल्या मूळपेशी, म्हणजे तेच स्टेम सेल, मणक्यात सोडल्या. घरी आल्यावर एका सकाळी तुमचे दोन्ही पाय खाटेवर उडायला लागले. तुमच्यासोबत ट्रकवर चढणारे गडी धावत आले आणि त्यांनी ती चाल लगेच ओळखली. "कापूस तुडवून राहिले की हो," एक जण म्हणाला. आईने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

मी सुट्टीत आले तर त्याच उपचाराच्या दुसऱ्या खेपेची तयारी चाललेली. तुम्ही मला एकटीला जवळ बसवलंत. "तू शिकून राहिली न्हाई का? खरं सांग, हे पाय माझं ऐकून हलायलेत का?"

मी म्हणाले, "अप्पा, जरा थांबवून दाखवा."

तुम्ही डोळे मिटून जोर केलात. पाय उडतच राहिले.

"हे झटके हायेत, अप्पा. बारीक बारीक आधीपासून येतच व्हते. तुमचा हुकूम अजून तिथवर जात न्हाई."

 तुम्ही म्हणालात, "मंग खाटेवरून चाकाच्या खुर्चीत हातावर उतरायचं शिकव. मामाला सांग, आता जायचं न्हाई."

पुढच्या हंगामात तुम्ही खुर्चीतून ट्रकशेजारी हजर. "कोपरे भरा रे, मधीच काहून नाचून राहिले?" गडी वैतागायचे आणि ऐकायचेही. मला तुमचा फार अभिमान वाटायचा.

हे पत्र कुठे टाकणार, घडी घालून ठेवते. एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला शेवटची अंघोळ घालताना पाय गप्प होते. झटका म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक आहे, अप्पा. तरी मी पाणी ओतायची थांबले, एखादा येईल म्हणून.