एका नक्षीचा एकच नग

प्रिय फैयाज,

'प्रिय' लिहून दहा मिनिटं झाली, तो खोडावा का याचाच विचार करत होते. राहू दे. अब्बांनी पत्र असंच सुरू करायला शिकवलं आणि तुझ्यापायी मी त्यांची रीत मोडणार नाही. फोन न करता कुरिअरने कागद पाठवतेय, कारण माझे व्हॉइस मेसेज तू दीडपट वेगाने ऐकतोस, हे तूच एकदा हसत हसत सांगितलं होतंस. कागदाला तसलं बटण नसतं.

पुण्याच्या व्यापारी मेळाव्यातलं तुझं भाषण आपल्या ड्रेसच्या काउंटरवरच्या रुपालीने मला मोबाईलवर दाखवलं. परदेशात दुकान काढताना येणाऱ्या अडचणी! अंगात कोट, मागे पडद्यावर आफ्रिकेचा नकाशा. बंदरात अडकलेला माल, रोज बदलणारा डॉलर, परवान्यांचे हेलपाटे, वर्षभराचं आगाऊ भाडं, सगळं सांगितलंस आणि त्यातलं काही खोटंही नाही. मग शेवटी म्हणालास, सगळ्यात मोठी अडचण म्हणजे विश्वासाचा माणूस. आमच्या तीस वर्षांच्या जुन्या माणसानेच दार-ए-सलामचं दुकान खाल्लं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाजाभाईंचं नाव घेतलं नाहीस, पण नगरच्या कापडबाजारात ते घ्यावं लागत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं आजवर ऐकलं होतं; अंगणालाच चोर ठरवणारा तू पहिलाच.

ते दुकान कशाने बुडालं, ते मी सांगते. राहुरीकडच्या रतनबाई आठवतात? लग्नाचा बस्ता आपल्याकडे बांधला, चाळीस माणसं टेम्पोतून आली, दिवसभर गादीवर बसली, आणि घाईत अब्बांकडून दोघी जावांना एकाच नक्षीच्या साड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी रतनबाई साडी घेऊन दारात. "जावंला बी हीच दिली व्हय? आता त्या घरात एक तर ती ऱ्हाईल न्हाईतर मी." चहा झाला, जेवण झालं, बाई गादीवरून उठेनात. त्या दिवसापासून अब्बांचा नियम झाला, एका नक्षीचा एकच नग. आपल्या बायकांना दुसरीसारखं नको असतं, हे अब्बांनी ओळखलं आणि त्यावर दुकान उभं राहिलं. तू तेवढा नियम पाठ केलास, तो कुणासाठी केला होता ते मात्र विसरलास.

कंटेनर भरून माल पाठवलास आणि वर ऐटीत म्हणालास, दोन हजार नग, दोन हजार नक्ष्या, आफ्रिका वेडी होईल. सोबत साठीच्या खाजाभाईंना पाठवलंस. त्या बिचाऱ्यांनी तिथेही गादी घातली, बायकांना चपला काढायला सांगितलं. त्या उंबऱ्यात उभ्या राहून हसायच्या आणि पुढच्या दुकानात जायच्या. महिनाभरात त्यांना उमगलं की तिथली रीत अगदी उलटी. लग्नाची कमिटी बसते आणि नवरीकडच्या साठ-सत्तर बायका एकाच कापडाचे कपडे शिवतात. त्यांना एका नक्षीचे ताकेच्या ताके लागतात. ज्या कापडाचा दुसरा नग मिळत नाही ते घेऊन त्या काय करणार? खाजाभाई तुला फोन करून थकले. तू उचलला नाहीस, म्हणून ते मला व्हॉइस मेसेज पाठवू लागले. एकूण सात मेसेज. सातही मी तुला पुढे पाठवले. त्यावर तुझं एकच उत्तर आलं: आपा, तुला धंद्यातलं काय कळतं?

पाचव्या मेसेजात ते सांगतात की शेजारच्या रेहेमा नावाच्या दुकानदार बाईला आपले दोनशे नग देऊन त्यांनी एकाच रंगाचे काही ताके बदलून घेतले. एका दुपारी एका लग्नाची कमिटी आली आणि सगळे ताके उचलून घेऊन गेली. पैसे दुकानाच्या खात्यात भरल्याची पावती काढून त्यांनी फोटो पाठवला. माणूस त्या मेसेजात लहान मुलासारखा हसतोय, फैयाज. वयाच्या साठीत परक्या मुलखातला धंदा त्यांना समजला होता. आणि तू तिथे गेलास, माल मोजलास, दोनशे नग कमी भरले. मेसेज ऐकला असतास तर पुरे होतं.

इथे परत आणून भर बाजारात, आपल्याच पायरीवर, तू त्यांना चोर म्हणालास. समोरचे दुकानदार बाहेर येऊन उभे होते. खाजाभाई एवढंच म्हणाले, "फैयाजमियाँ, आपासाहेबांना इचारा." तू विचारलं नाहीस. आणि मी आत दुकानाच्या जिन्यात उभी होते, हातात फोन होता, त्यात सातही मेसेज होते. मी खाली उतरले नाही. चारचौघांत भावाची मान खाली जायला नको, असं वाटलं. तुझा राग येतो त्याच्या दुप्पट मला त्या जिन्याचा येतो. बाजारात नंतर त्यांना कुणी उभं केलं नाही. ज्या हातांनी तीस वर्षं साड्यांच्या घड्या घातल्या, ते हात आता नागापूरला एका कारखान्याच्या गेटवर दांडकं धरून बसतात.

काल नेवाशाहून त्यांच्या मुलीच्या, अलफियाच्या, होणाऱ्या सासरकडचे लोक दुकानात आले होते. लग्नाची तारीख ठरलेली, आणि तुझं भाषण त्यांच्याही मोबाईलवर पोहोचलेलं. मुलाच्या वडिलांनी आवाज न चढवता विचारलं, माणूस चोर आहे का, तेवढं सांगा, म्हणजे आम्ही परत जायला मोकळे. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, मग हे भावाच्या तोंडून ऐकू द्या. म्हणून हे पत्र. अलफियाच्या लग्नाचे कपडे आपल्याच दुकानातून जातील, शुक्रवारी सकाळी दहाला दोन्हीकडची माणसं येतील, मी बोलावलंय. खाजाभाईंनाही बोलावलंय, गादीवर, गिऱ्हाईक म्हणून. तू यायचंस, पायरीवर उभं राहायचंस आणि जे बाजारासमोर बोललास ते बाजारासमोर परत घ्यायचंस. आला नाहीस तर मी या वेळी जिन्यात थांबणार नाही. स्पीकर रुपालीने आणून ठेवलाय. सातही मेसेज लावीन, पाठोपाठ तुझं ते एका ओळीचं उत्तर वाचून दाखवीन, आणि खाजाभाई ज्या वेगाने बोलले त्याच वेगाने सगळ्या बाजाराला ऐकवीन.

शुक्रवारी दहापर्यंत तरी तुझीच,
जहिरा आपा