आवाज न करणारं मशीन

१९ ऑगस्ट

ती. दादा,

नमस्कार. मी आणि आई दोघी ठीक आहोत. वहिनीची पाठ आता बरी असेल असं समजते.

तुझं कॉम्प्युटरचं मशीन तयार झालं. टेम्पोवाला उद्या घेऊन येईल. हे पत्र खोक्यात सगळ्यात वर ठेवते आहे, म्हणजे मशीनला हात लावण्याआधी तुला ते उचलावंच लागेल. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आधी कामाचं. दोन्ही ग्राफिक्स कार्डं काढून वेगळ्या डब्यात दिली आहेत. जड आहेत, रस्त्यातल्या खड्ड्यांनी ती ज्यात बसतात ती खाच तुटली असती. मी चिकटवलेल्या खुणा बघून बसव आणि मध्ये ठेवलेली फट बुजवू नकोस, नाहीतर खालच्या कार्डाची गरम हवा वरचं कार्ड ओढेल आणि ऐन कामाच्या वेळी मशीन धापा टाकायला लागेल. मशीनची पेटी, म्हणजे कॅबिनेट, भिंतीला टेकवू नकोस. वीजपुरवठ्याचं युनिट गरजेपेक्षा मोठं घेतलं आहे, त्यावरून वाद घालू नकोस.

आता आवाजाबद्दल. तुझ्यासारखी कॉम्प्युटरवर घरांची खरी वाटणारी चित्रं काढणारी, रेंडरिंगवाली गिऱ्हाइकं माझ्याकडे पुष्कळ येतात. चित्र लवकर निघावं एवढंच त्यांना हवं असतं, पंखे कितीही बोंबलोत. तू मात्र फोन केलास की पहिलं वाक्य तेच, ‘आवाज अजिबात नको.’ मला भरून आलं रे. आईची झोप किती सावध आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, आपण कुशीवर वळलो तरी ती जागी व्हायची. मला वाटलं, नव्या घरात तिच्या खोलीला लागून तुझं काम चालणार, म्हणून तुला एवढी काळजी.

मी तिला तसं सांगितलंही. मग काय, तिने ते समोरच्या शिंपीणबाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. मी मोठे, संथ फिरणारे पंखे शोधून काढले, प्रत्येकाखाली रबर घातलं. आई कॅबिनेटला कान लावून म्हणाली, ‘चालू आहे का ग हे? की नुसतंच दिवे लावून बसलंय?’ त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो.

स्वतःचं घर विकून ती माझ्याकडे आली ती ‘नवं घर होईपर्यंत’. तुझ्या शब्दावर. तिने अजून बॅगसुद्धा रिकामी केली नव्हती. रोज एक साडी काढायची, धुऊन घडी घालून परत आत ठेवायची. मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘इथं कशाला पसारा? दादाने मला तळमजल्यावरची बागेकडची खोली ठेवली आहे. गुडघ्यांना जिना नको म्हणून.’

तर, दादा, मशीन बांधून झालं की मी त्याला खरं जड काम देऊन तापवून बघते. म्हणून तर तुझ्याकडे मागितलं होतं, चित्र काढायला सगळ्यात जड जाईल असा घराचा सीन पाठव. तू नव्या घराचाच पाठवलास. तुला वाटलं असेल, ही तापमानाचे आकडे बघत बसेल, चित्र कशाला बघेल. चुकलं नाही तुझं, मी एरवी चित्र बघतच नाही.

पण आईला बघायचं होतं. जेवण झाल्यावर ती स्टूल घेऊन माझ्याजवळ बसली. मी तिला समजावलं की चित्र आधी रवाळ दिसतं, नुसते ठिपके, मग हळूहळू स्वच्छ होत जातं. आधी खिडकी आली. ‘बागेकडची!’ ती म्हणाली. मग बाग आली. मग जिथे पलंग असायला हवा तिथे लांबलचक टेबल आलं, त्यावर दोन स्क्रीन, आणि खाली काचेच्या बाजूचं काळं कॅबिनेट. मी तुला पाठवलेल्या फोटोंवरून तू ते हुबेहूब केलं आहेस, पंख्यांसकट. ज्या मशीनवर माझा हात होता तेच मशीन मला आईच्या खोलीत दिसत होतं.

‘माझा पलंग कुठंय ग?’

मी तापमानाचे आकडे बघायला लागले. तिनेच उत्तर दिलं, ‘अजून रवाळ आहे. यायचा असेल.’

आणि ती बसून राहिली. चित्र पूर्ण होईपर्यंत जागची हलली नाही. शेवटी तिने विचारलं, ‘आता याहून स्वच्छ नाही का व्हायचं?’

‘नाही, आई. झालं.’

ती उठली, आत गेली. थोड्या वेळाने हाक आली, ‘कपाटात मला एक कप्पा रिकामा करून देतेस?’

मी करून दिला. बॅग रिकामी झाली आहे.

नंतर मी वेड्या आशेने त्याच सीनमध्ये तुझं सगळं घर फिरून पाहिलं. पाहुण्यांची खोली वर आहे, जिना चढून. व्यायामाच्या यंत्राला कोपरा आहे. अजून न आणलेल्या कुत्र्याला मऊ गादी आहे. तोंडाने सांगवत नव्हतं म्हणून तू मुद्दामच तो सीन पाठवलास, असंही क्षणभर वाटलं. पण तेवढी हिंमत तुझ्यात नाही. तू नुसता विसरलास, आणि त्याचाच मला जास्त राग आहे.

मशीन उत्तम झालं आहे. मी माझ्या कामात खोट ठेवली नाही. चालू कर, शांतपणे काम कर. ते आवाज करणार नाही. आईही करणार नाही, हे तू आधीपासूनच धरून चालला होतास.

पत्र लिहिते आहे म्हटल्यावर तिने ‘दादाला माझा आशीर्वाद कळव’ म्हणून सांगितलं आहे. तो मी कळवत नाही. हवा असेल तर येऊन घे.

तुझी,
आईजवळ राहणारी बहीण