कौल घेऊन आणलेलं ॲप

जिभी, हिमाचल
३ मे २०२५

ती. संजनाताईस,
प्रज्योतचा सा. न. वि. वि. फोनवरच्या घरच्या ग्रुपमधून गेलो म्हणजे जगातून गेलो असं नाही, हे आधी आईला सांग. जेवतोय, झोपतोय, थंडी खातोय.

पत्र तुझ्या पतसंस्थेच्या पत्त्यावर घालतोय. आपल्या मांद्र्याच्या घरात फोन कायम स्पीकरवर. मी इथे खोकलो की तिथे शेजारची शालिनीकाकी काढा सांगते. आणि ही गोष्ट स्पीकरवरची नव्हे.

बाबांच्या फोनवर मंगळसूत्रांच्या जाहिराती येतात म्हणून आई त्यांच्याशी वाकडी बोलते असं तू कळवलंस. बाबा निर्दोष आहेत गो. चतुर्थीला आलो तेव्हा फोटो दाखवायला मी माझं खातं त्यांच्या फोनवर उघडलं आणि तसंच ठेवलं. आता मी इथे काही शोधलं की ते तिथे त्यांना दिसतं. मंगळसूत्रं मी बघत होतो. हरमलच्या महादेवकाकांच्या सिद्धीसाठी. हो, ज्यांच्या किनाऱ्यावरच्या शॅकवर मी दोन सीझन भांडी घासली तेच काका. पडलीस ना खुर्चीवरून?

आता ऐक. सिद्धीला डिचोलीचं स्थळ आलंय, मुलगा बँकेत. काकांना आषाढ लागायच्या आत ठरवायचंय. जूनच्या मध्यावर मी येतो आणि बाबांना घेऊन रीतसर विचारायला जातो. पण त्याआधी गावात बोभाटा झाला तर मी मेलो. काकांनी घरात सांगून ठेवलंय, ज्या मुलाचं नाव आपल्या मुलीबरोबर लोकांच्या तोंडून ऐकलं त्याला ती देणार नाही. ते बोलले की बोलले.

म्हणून सगळंच बदलून टाकलं. मी ज्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे तिथे चेन्नईची एक बाई राहायला आहे, कंप्युटरवाली. तिने शिकवलं. शोधायला वेगळं, जे तू काय शोधलंस ते विसरून जातं. मेल वेगळा. आणि बोलायला एक कुलूपवालं ॲप, जे कोण कोणाशी किती बोललं याची चौकशी करत नाही. मी तिला विचारलं की आधीचं फुकट होतं, त्यात वाईट काय? मग मलाच आठवलं, हरमलला शॅकवाला पहिली बाटली फुकट देतो तेव्हा तो काय पुण्य करत असतो?

सिद्धी त्या ॲपवर कधीच आली, ती शहाणी आहे. तू बाबांच्या फोनवरून माझं खातं काढ आणि तिघांच्या फोनवर हे नवीन घाल. तोवर मी पत्रंच लिहिणार. आईला बघितल्याशिवाय करमत नाही, तेव्हा लवकर कर.
माया आहे तेवढी राहू दे, ओरडा थोडा कमी कर.
तुझा भाऊ,
प्रज्योत


मांद्रे
१२ मे २०२५

चि. प्रज्योत यास,
संजनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पडले नाही, पण ठेवीदाराला पैसे काढायच्याऐवजी भरायची पावती दिली.

तुझं खातं काढलं. पण उशीर झाला. बाबांना वाटलं की फोनच त्यांना सुचवतोय, बायकोला काहीतरी घे. ते म्हापशाला जाऊन आईला कानातली घेऊन आले. त्यावर आईचा संशय दुप्पट झाला. म्हणते, लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने साधा गजरा आणला नाही, आता कानातली? शेवटी मी तिला सांगितलं की मंगळसूत्रं तू बघत होतास, मैत्रिणीच्या लग्नात द्यायला. मैत्रिणीला मंगळसूत्र कोण देतं, असं तिने विचारलं. मी चहा ठेवायला पळाले.

नवीन ॲपचं मात्र अडलंय. बाबा म्हणतात, बोअरवेल खणली तेव्हा देवाचा कौल घेतला, पर्यटकांना खोल्या दिल्या तेव्हा घेतला, स्कूटरला घेतला. फोनमध्ये नवीन काही येणार तर देवाला विचारून येईल. देवाच्या अंगाला लावलेली उजवी पाकळी पडली तर घालायचं, डावी पडली तर तू पत्रं लिहीत बस. पण देवाला कारण काय सांगायचं ते त्यांना हवंय. काय सांगू ते तूच कळव.

सिद्धीचं ऐकून बरं वाटलं. ती तुझ्यात काय बघते हे कळलं की मलाही कळव.
आहेस तिथे शहाण्यासारखा राहा, एवढं मागते.
तुझी ताई,
संजना


जिभी
२० मे २०२५

ती. संजनाताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून भट्टीवरचे पराठे जळले. आमचा आचारी योगेश म्हणाला, गोव्याची माणसं पाव सोडून दुसरं काही भाजू शकत नाहीत.

बाबांना कौल घेऊ दे. मी तर खूश आहे. देवासारखं ॲप अजून निघालं नाही बघ. सगळ्यांचं ऐकतो, कोणाला सांगत नाही, वर जाहिरातही करत नाही. बाबांना खरं कारण सांग, सिद्धीचंही सांग. कधीतरी सांगायचंच होतं. फक्त बजावून ठेव, बाबा आणि देव सोडून तिसऱ्या कानावर जाता कामा नये.

खालच्या रस्त्यावर दरड आली, म्हणून हे घाईत.
आहे तसा लोभ ठेव.
प्रज्योत


मांद्रे
३ जून २०२५

चि. प्रज्योत यास,
आशीर्वाद. वि. वि. बसून वाच. गाऱ्हाणं कसं घालतात ते तू डोंगरावर जाऊन विसरलास आणि मी गावात राहून विसरले.

काल सोमवार, देवळात गर्दी. बाबांनी गाऱ्हाणं घालणाऱ्या कृष्णनाथांच्या कानात सगळं सांगितलं, तिसऱ्या कानावर जाऊ नये हेसुद्धा. कृष्णनाथांनी मान डोलावली, हात जोडले आणि माइकवर सुरू केलं. की बा महाराजा, मांद्र्याच्या बाबुरावाचा झील प्रज्योत हिमालयात पराठे लाटतो, त्याचं मन हरमलच्या महादेवाच्या मुलीवर बसलंय, तिच्याशी चोरून बोलायला त्याला फोनात कुलूपवालं ॲप हवंय, तर त्याची इच्छा पुरी कर, त्या मुलीला सुखाने या घरात आण, आणि यातलं कोणाला काडीइतकं कळू देऊ नको. प्रत्येक वाक्याला अख्खा मंडप होय महाराजा म्हणत होता. बाबा कृष्णनाथांचं धोतर ओढत होते. त्यांना वाटलं, बाबा आणखी जोरात म्हणा सांगतायत.

सगळ्यात मोठा आवाज खांबाजवळच्या माणसाचा होता. डोळे मिटून, मनापासून होय महाराजा चाललं होतं. ते महादेवकाका. डिचोलीच्या स्थळाचा कौल घ्यायला आले होते. तुझ्या घरात मुलगी देण्यालाही ते होय म्हणून बसले, मग त्यांनी डोळे उघडले. आणि धाड्‌कन नाही रे, अगदी हळूच, उजवी पाकळी पडली.

शालिनीकाकी म्हणाली, पाकळी मुलीची. बाबा घाम पुसत सगळ्यांना सांगत होते, पाकळी फक्त ॲपची. काका सरळ आमच्याकडे आले. म्हणाले, लोकांच्या तोंडून ऐकलं, माझा नियम मोडला. बाबांनी भीत भीत विचारलं, की त्या लोकांत तुमचंही तोंड होतं, त्याचं काय करायचं? काकांनी पाकळीकडे बघून हात जोडले. मग म्हणाले, देवासमोर होय म्हटलं ते मागे घेणार नाही, पण माझ्यापासून कुलूप लावणाऱ्या मुलाला मुलगीही देणार नाही. असं काय लपवायचं होतं ते त्याने स्वतःच्या हाताने मला लिहावं. पटलं नाही तर बावीस तारखेला डिचोलीची माणसं ठरल्याप्रमाणे येतील.

लिही. नीट लिही. विनोद कमी कर.
तुझीच,
संजना

ता. क. ॲप घातलं. त्यावर पहिला निरोप शालिनीकाकीचा आला.


जिभी
१० जून २०२५

ती. महादेवकाकांस,
तुमच्या शॅकवर बशा फोडणाऱ्या प्रज्योतचा सा. न. वि. वि. चौथ्यांदा लिहितोय. आधीचे तीन कागद चुलीत गेले.

तुम्ही विचारलं, काय लपवायचं होतं? काही नाही. आंघोळ करताना माणूस न्हाणीचं जनेल लावतो, तेव्हा तो आत चोरी करत नसतो. सिद्धीसाठी मी काय शोधतो ते बघून कुठल्या तरी कंपनीने माझ्या बापाला मंगळसूत्रं दाखवावीत, हे मला आवडलं नाही. कुलूप बाजारासाठी होतं. तुमच्या दारात मी येणारच होतो, बाबांना घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. देव माझ्याआधी पोचला.

माझं काय आहे ते उघडं लिहितो. आठवीनंतर शाळा नाही. बँकेत नाही. मी कुठे टिकत नाही असं लोक म्हणतात ते खरं आहे, हॉटेलं बदलली, गावं बदलली. पण दोन वर्षं सिद्धीशी बोलतोय, तिथून हललो नाही. आता स्वयंपाक येतो, तुमचा शॅक येत्या सीझनला मी उभा करून देईन, मुलगी द्या किंवा देऊ नका.

देवाला विचारलंत, मला विचारलंत. एकदा तिलाही विचारा. ती नाही म्हणाली तर शॅक उभा करून देईन आणि परत बशा फोडायला येणार नाही.
राग ठेवा, पण त्यात थोडी जागा ठेवा, एवढीच विनंती.
आपला,
प्रज्योत


(पोस्टकार्ड)
हरमल
१७ जून २०२५

चि. प्रज्योत यास,
महादेवचे आशीर्वाद. वि. वि. पत्र मिळालं. सिद्धीला विचारलं. तिने एवढ्या जोरात होय म्हटलं की कृष्णनाथाला माइक लागतो कशाला असं वाटलं. डिचोलीच्या लोकांना येऊ नका म्हणून कळवलं. शर्ट इस्त्री करून ये.

एक काम आहे. माझा फोन मी दिवसभर कुठे फिरलो ते नकाशावर ठेवतो. डॉक्टरने तळलेलं बंद केल्यापासून मी बागायतीत जातो सांगून भजी-पाव कुठे कुठे खातो, ते परवा सिद्धीच्या आईने ठिपके मोजून दाखवलं. यावर तुझ्याकडे कुलूप असेल तर येताना घेऊन ये. हे फक्त तुझ्या-माझ्यात.
तुझा होणारा सासरा,
महादेव

ता. क. कार्ड पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. जावई मान्य, कुलूप नामंजूर. सुखरूप ये.
सौ. विनोदिनी (सिद्धीची आई)